मेव्हण्याचा चेहरा

काही माणसं तोंडाने फाटकी असली तरी मनाने बरी असतात, असं म्हणायची एक पद्धत आहे. पक्कडच्या बाबतीत ही पद्धत कोणी पाळली नाही. तो तोंडाने फाटका होता आणि मनाने त्याहून फाटका. वीज खात्यात तो लाईनमन होता. हातात कायम पक्कड असते म्हणून हे नाव पडलं, असं तो स्वतः सांगे. खरं कारण वेगळं होतं. एखाद्याचं व्यंग त्याच्या चिमटीत सापडलं की तो ते सोडत नसे. गँगमधल्या तोतऱ्या हेल्परला तो मुद्दाम फोनवर बोलायला लावी. ज्याची बायको माहेरी निघून गेली होती, त्याला रोज सकाळी विचारी, "काय, आज डब्यात काय दिलंय वहिनींनी?" लोक हसत, कारण जो हसणार नाही त्याचा नंबर पुढचा असे.

खांबावर मात्र तो वाघ होता, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होतं. मित्रांचं मत विचारता आलं नाही, कारण ते नव्हते.

उन्हाळ्यात खात्याला एक जादा काम निघतं. कावळे खांबांवर घरटी बांधतात, आणि हल्लीचे कावळे काही नुसत्या काड्यांवर भागवत नाहीत. बांधकामावरची तार, कपड्यांचे हँगर, चष्म्याची दांडी, जे जे लोखंडी आणि वाकडं ते सगळं त्यांना पसंत. असलं घरटं दोन तारांना टेकलं की ठिणगी उडते, अर्धी वस्ती अंधारात जाते आणि खात्याचा उद्धार होतो. म्हणून लाईन बंद करून घरटी काढायची. एका घरट्यात पक्कडला कुणाची तरी अर्धी कवळी सापडली होती. ती त्याने हेल्परच्या भातात खुपसून ठेवली.

त्या वर्षी बाजाराच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचं घरटं त्याने बुटाच्या टाचेने खाली लोटलं. त्यात दोन पिल्लं होती. एक पडताच संपलं. दुसरं गटाराच्या कडेला चोच उघडून बसलं. पक्कड वरून ओरडला, "अरे, त्याला पाणी विचारा, पाहुणा आलाय." सगळे हसले. तारेवर बसलेले दोन कावळे ओरडलेसुद्धा नाहीत. मान तिरकी करून त्यांनी पक्कडकडे आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि उडून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पक्कडचे हाल सुरू झाले. खात्याच्या फाटकातून गँग बाहेर पडे तेव्हा सगळ्यांच्या अंगात खाकी, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी. तरी कावळे नेमके त्यालाच निवडत. मागून येऊन टोपीवर टोच मारत. टोपीत काही लागत नाही हे कळल्यावर ते मानेवर मारायला लागले. तो डबा खायला बसला की एक कावळा पुढ्यात येऊन लंगडण्याचं सोंग करी, आणि पक्कड दगड घेऊन उठला की दुसरा मागून उकडलेलं अंडं पळवी. शिटण्यातला त्यांचा नेम तर असा, की पक्कड दोघांच्या मध्ये उभा असला तरी डावा-उजवा कोरडा राही. त्याने टोपी बदलली. दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आला. शेवटी मिशी काढली. मिशी काढल्यावर कावळे क्षणभर गोंधळले, तारेवर बसून आपसात काहीतरी बोलले, आणि मग दुप्पट जोराने आले.

जो सगळ्यांना हसायचा त्याला आता सगळे हसायला लागले. आकाशात काळं काही दिसलं की तोतरा हेल्पर म्हणे, "प-पक्कडभाऊ, सा-सासरची मंडळी आली." एवढं लांब वाक्य तो एरवी कधी पूर्ण करत नसे.

"कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही," पक्कड म्हणे. पण गाय खांबावर चढत नाही. वर दोन्ही हात कामात असतात आणि मान उघडी असते. पंखांचा आवाज आला की तो हातातलं काम सोडून खांब धरी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खांबाची भीती वाटली, आणि ही गोष्ट लपवायला त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे चढायलाही कधी पडले नव्हते.

सुटका सापडली ती योगायोगाने. रस्त्यावर डांबर टाकायचं काम चालू होतं, म्हणून धुरासाठी त्याने बायकोची ओढणी तोंडाला गुंडाळली आणि वर गॉगल चढवला. त्या दिवशी चहापर्यंत एकही कावळा फिरकला नाही. चहाला बसून त्याने ओढणी काढली, तसे दोघं आले. पुन्हा बांधली, तर गेले. म्हणजे भांडण त्याच्या खाकीशी नव्हतं, टोपीशी नव्हतं, त्याच्या चेहऱ्याशी होतं. त्याचा चेहरा नकोसा झालेले लोक पुष्कळ होते. तोंडावर सांगणारे हे पहिलेच. त्या दिवसापासून पक्कड घराबाहेर तोंड झाकून वावरायला लागला. विचारणाऱ्याला सांगे, धुळीचा त्रास आहे.

त्याच सुमारास मुख्य लाईनमन निवृत्त होणार होता. ही जागा म्हणजे खांबापासून कायमची मुक्ती. खाली उभं राहायचं, लाईन कधी बंद करायची आणि कधी चालू करायची ते सांगायचं, आणि वर चढलेल्याला शिव्या घालायच्या. या कामासाठी देवाने आपल्यालाच घडवलंय, याबद्दल पक्कडला शंका नव्हती. शंका साहेबांना होती. त्यांच्या मनात दुसरं नाव होतं, आणि ते नाव पक्कडच्या धाकट्या मेव्हण्याचं होतं.

हा मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, त्याच गँगमध्ये. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा असला तरी कमरेला सुरक्षेचा पट्टा आवळणार, म्हणून पक्कडने त्याचं नाव पट्टा ठेवलं होतं, आणि ते सगळ्या खात्याने उचललं. अविवाहित, अबोल, आणि चिडवलं तरी न चिडणारा, त्यामुळे पक्कडच्या लेखी निव्वळ फुकट गेलेला माणूस. घरटी काढायची त्याची तऱ्हाही निराळी. तो टोपली घेऊन वर चढे, पिल्लांसकट घरटं अलगद टोपलीत घेई आणि जवळच्या झाडाच्या बेचक्यात बसवून देई. कावळे बाजूच्या फांदीवर बसून बघत राहत. त्याला कधी एक पीस लागलं नाही. चेहरा मात्र एकदा पाहिला की विसरू नये असा होता. दोन्ही भुवया नाकाच्या मुळाशी भेटलेल्या, जबडा रुंद, आणि हनुवटीला मधोमध खाच.

खात्याने सुरक्षा सप्ताहात त्याला "सर्वात सुरक्षित कर्मचारी" म्हणून निवडलं आणि फाटकावर त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला. फोटोत पट्टा अवघडून हसत होता. खाली लिहिलं होतं: पट्टा बांधा, प्राण वाचवा. आठवडाभर पक्कड त्या फ्लेक्सखालून आत गेला आणि बाहेर आला. सप्ताह संपल्यावर फ्लेक्स गोदामात गेला आणि केबलच्या रिळावर झाकण म्हणून पडला.

पक्कडने त्यातून चेहरा कापून घेतला. खऱ्यापेक्षा बोटभर मोठा होता, तेवढं चालण्यासारखं होतं. डोळ्यांच्या जागी भोकं पाडली, कानाशी दोरी ओवली. सुट्टीच्या दिवशी तो बंद पडलेल्या कारखान्यामागे गेला. तिथले खांब जुन्या, बंद लाईनचे होते आणि त्यांच्याकडे वर बघायला कुणीच नसे, म्हणून कावळ्यांची तिथे वसाहतच होती. मेव्हण्याचा चेहरा लावून पक्कड एकेका खांबावर चढला. अंडी होती ती फोडली, पिल्लं होती ती फेकली. घाईने नाही, नीट दिसेल अशी. कावळे जमले, घिरट्या घालायला लागले, तेव्हा त्याने तो अवघडून हसणारा चेहरा चारी दिशांना फिरवून दाखवला. परतल्यावर त्याने तो जाळून टाकला. फ्लेक्स जळताना फार घाण वास येतो.

त्याला मेव्हण्याचा जीव घ्यायचा नव्हता. आपलं जसं झालं तसं त्याचं हसं व्हावं, त्याने भ्यावं, आणि ते साहेबांनी बघावं, एवढंच हवं होतं. पक्कडच्या बाजूने सांगण्यासारखं जे होतं ते इथे संपलं.

पुढच्याच आठवड्यात पट्ट्याच्या मानेवर पहिली टोच बसली. त्याने मागे वळून पाहिलं ते कुणाला तरी चुकून धक्का लागल्यावर आपण बघतो तसं. मग दुसरी बसली. कावळे फाटकावर त्याची वाट बघत बसायला लागले. खांबावर चढला की घोळका करून येत. गँगला आश्चर्य वाटलं. "अरे, हा तर त्यांची पोरं सांभाळतो," एकजण म्हणाला. पक्कड ओढणीआडून म्हणाला, "भलाई केली की असंच होतं. म्हणून मी करत नाही." तोंड झाक, असं पट्ट्याला पक्कडने सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

मुख्य रस्त्यावरच्या खांबावर घरटं होतं. पट्टा टोपली घेऊन चढायला लागला तेव्हा पक्कडने सगळ्यांना चहा सोडून बाहेर बोलावलं. "चला, आज फुकट सर्कस आहे." साहेबही येऊन उभे राहिले.

खांबाच्या डोक्याशी एक आडवा लोखंडी दांडा असतो. कमरेचा पट्टा खांबाला वळसा घालून अडकवलेला असतो, तो या दांड्याशी येऊन अडतो. आणखी वर जायचं तर तो एकदा सोडावाच लागतो. एका हाताने खांब धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून दांड्यावरून घ्यायचा आणि पुन्हा अडकवायचा. दोन श्वासांचं काम. सगळे लाईनमन ते रोज करतात आणि घरी कुणी सांगत नाही.

पट्टा दांड्याशी पोचला आणि कावळे आले. तो थांबला. अंग चोरून, खांबाला चिकटून, ते जायची वाट बघत राहिला. दुसऱ्या कुणालाही एवढा धीर धरवला नसता. खाली मात्र करमणूक रंगली होती. "ए पट्ट्या, वरच बिऱ्हाड केलंस काय?" कुणीतरी ओरडलं. साहेबही हसले. मग पक्कडने ओढणी जरा सैल केली आणि हाळी दिली, "मेव्हणे, घरटं काढताय की घालताय? अंडी द्यायला वेळ लागणार असेल तर आम्ही जेवून येतो." यावर असा हशा पिकला की रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली.

कधीही न चिडणारा पट्टा तेव्हा लाजला. त्याने कमरेच्या पट्ट्याचा आकडा सोडला. तो दांड्यावरून घेत असताना कावळा समोरून आला आणि थेट डोळ्यावर. हात डोळ्याकडे गेला, कुणाचाही गेला असता, आणि तो खांबावरचा हात होता.

तो पडल्यावरही एकजण हसत होता. हसू थांबायला थोडा वेळ लागतो.

माणूस जगला, कमरेखालचं अंग गेलं. चौकशीत निघालं की कमरेचा पट्टा सोडलेला होता, म्हणजे चूक कर्मचाऱ्याची. कावळ्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्याचं काय लिहिणार?" मुख्य लाईनमनची जागा पक्कडला मिळाली, कारण आता दुसरा कुणी नव्हता.

बायकोने भावाला घरी आणलं. नवऱ्याला विचारलं नाही, आणि पक्कडने नको म्हणायची हिंमत केली नाही. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी पट्ट्याची खाट पडली. शेजारीपाजारी म्हणायला लागले, "मेव्हण्याला असं सांभाळणारा दाजी लाखात एक." हे ऐकताना पक्कड मान खाली घाली, तर लोक म्हणत, विनयसुद्धा बघा. त्याला खरोखर लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर असतं, आणि रोज एक दिवसाने ते वाढत होतं.

खिडकी उघडली की कावळे येत. गजावर बसत, आत मान घालून पट्ट्याकडे बघत आणि अशी बोंब मारत की समोरच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक पळे. शेवटी खिडकी कायमची बंद केली. पक्कडने आत दोन ट्यूबलाईट बसवल्या, त्या भर दुपारीही जळत. वीज खात्याची, माणूस खात्याचा, उजेडाला काही तोटा नव्हता.

पक्कडला एकच मुलगी, चिमी. मामा खाटेला खिळला तेव्हा ती रांगत होती. त्या बंद खोलीत, मामाच्या खाटेवर ती वाढली. तो तिला गाठी मारायला शिकवी, बिघडलेली इस्त्री उघडून दाखवी, तिच्या बाहुलीच्याही कमरेला नाडीचा पट्टा बांधून देई. आणि पक्कड, ज्याला जगात कुणाचं काही वाटत नसे, तो या मुलीसाठी जीव टाकत होता. संध्याकाळी तो दारात आला की ती धावत येऊन त्याच्या तोंडावरचं फडकं सोडी आणि म्हणे, "आता आले माझे बाबा." सबंध दिवसात त्याचा चेहरा बघून कुणाला आनंद होत असेल तर तेवढाच.

मुली बापावर जातात म्हणतात. ही गेली नाही. दात पडून नवे आले, गालांचं बाळसं उतरलं, आणि आतून हळूहळू एक जबडा वर आला. हनुवटीला खाच पडली. भुवया वर्षावर्षाने एकमेकींकडे सरकायला लागल्या. बायको कौतुकाने म्हणे, "बघा, अगदी मामावर गेलीय." पक्कड बघत होता. जेवताना, अभ्यास करताना, झोपेत, तो तिच्या नाकाच्या मुळाकडे बघत बसे आणि मधली मोकळी जागा किती उरली ते डोळ्यांनी मापी. कावळे किती जगतात, विसरतात की नाही, हे त्याने एका पक्ष्यांच्या डॉक्टरला गाठून विचारलं. डॉक्टर म्हणाला, "विसरत नाहीत. वर पोरांनाही दाखवून ठेवतात."

आयुष्यात कधी कुणाला कपभर चहा न पाजलेल्या माणसाने एक दिवस पैसे काढून मुलीच्या हातात ठेवले. "पार्लरमध्ये जा आणि त्या भुवया नीट करून ये. बऱ्या दिसत नाहीत."

चिमीने पैसे परत दिले. "मामासारख्या आहेत. राहू देत."

ती आठवीत होती तेव्हा एका सकाळी शाळेच्या वाटेवर कावळ्यांनी तिला गाठलं. कपाळ फुटलं, भुवईजवळ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जरा खाली असतं तर डोळा गेला असता. त्यानंतर ती छत्री घेऊन जायला लागली. वर्गातल्या मुली तिला "कावळ्यांची सून" म्हणायला लागल्या. हे नाव कुणी शोधलं ते कळलं नाही, पण पक्कडला ते ऐकताच आवडलं असतं, जर ते दुसऱ्या कुणाच्या मुलीचं असतं.

टाके घातलेलं कपाळ घेऊन ती मामाच्या खाटेवर बसली आणि तिने सरळ विचारलं, "मामा, तू काय केलं होतंस रे त्यांचं?"

पक्कड त्याच खोलीत ताटावर बसला होता.

पट्ट्याने तिच्या टाक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी फार विचार केलाय गं. एवढी वर्षं दुसरं काम काय आहे मला? एकदा टोपलीतून एक पिल्लू घसरलं होतं. मला वाटलं झुडपात पडलं, असेल जिवंत. दुसऱ्या खांबावर जायचं होतं, मी उतरून बघितलं नाही. तेच असणार. दुसरं काही आठवतच नाही."

"एका पिल्लासाठी एवढं?"

"त्यांचं ते लेकरू होतं," पट्टा म्हणाला. "माझी चूक झाली. माझं मी भोगलं, ते बरोबरच आहे. पण तुला माझ्यामुळे भोगावं लागतंय. मला माफ कर, बाळा."

असं म्हणून त्या माणसाने भाचीसमोर हात जोडले. चिमीने ते हात खाली ओढले आणि ती रडायला लागली. पक्कड जेवत होता. घास तोंडात होता, तो त्याने चावला आणि गिळला. मग पाणी प्यायला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं, अगदी जिभेवर आलं. सांगितलं तर हा माणूस या पापातून आत्ताच्या आत्ता सुटेल, हे त्याला दिसत होतं. आणि उद्या संध्याकाळी दारात फडकं सोडायला कुणी येणार नाही, हेही दिसत होतं. त्याने बायकोला म्हटलं, "आमटीत मीठ कमी आहे."

वर्षं गेली. चिमी कॉलेज संपवून एका दवाखान्यात कामाला लागली आणि रोज छत्रीखालून जाऊ-येऊ लागली. तोंडाला ओढणी का बांधत नाहीस, असं आई म्हणे. चिमी म्हणे, "मी काय चोरी केलीय तोंड लपवायला?" हे ऐकताना पक्कड आपल्या फडक्याची गाठ मारत असे. एकदा वाऱ्याने छत्री उलटली आणि कावळ्यांनी कानाची पाळी फाडली. त्या दिवशी पट्ट्याने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"ताई, मी गावाबाहेरच्या त्या अपंगांच्या संस्थेत जातो. जागा आहे म्हणतात. मी इथे आहे म्हणून ते इथे जमतात. मी गेलो की माझा चेहरा विसरतील आणि मग हिलाही सोडतील."

बायको रडली, भांडली. चिमी म्हणाली, "तू गेलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." पट्टा ऐकेना. शेवटी त्याने पक्कडकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही तरी सांगा. माझं बरोबर आहे की नाही?"

एका वाक्याचं काम होतं. तू कुठे जाऊ नकोस, तुझ्या चेहऱ्याने काही केलेलं नाही, ते मी केलंय. विसरणारही नाहीत, मी विचारून आलोय. पक्कडला हे वाक्य पाठ होतं, रात्रंदिवस घोकून पाठ झालं होतं. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"तुझं मन खात असेल तर जा बाबा," पक्कड म्हणाला. "आम्ही कोण अडवणार?"

आणि हे बोलल्यावर त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. मेव्हणा नजरेआड होईल, या विचाराने हायसं. लाज त्यानंतर आली, नेहमीसारखी उशिरा.

गाडी आली तेव्हा पक्कडनेच त्याला उचलून खुर्चीत बसवलं. अंगात काही वजन उरलं नव्हतं. पट्ट्याने त्याच्या गळ्यात हात टाकला होता तो काढला नाही. कानाशी म्हणाला, "दाजी, सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं तुम्ही केलंत. गँगमध्ये सगळे तुम्हाला वाईट म्हणायचे. मी कधीच म्हटलं नाही." खोलीतून गाडीपर्यंतच्या त्या मोकळ्या अंगणात कावळ्यांनी त्याला पाहिलं. चिमीने त्याच्या डोक्यावर छत्री धरली, स्वतः उघडी राहिली, आणि दोघांच्या वाटचं एकटीने घेतलं. पक्कडला एकही टोच बसली नाही. त्याचं तोंड झाकलेलं होतं.

खोली रिकामी झाली. बायकोने ट्यूबलाईट मालवल्या आणि खिडकी उघडली. भिंतीला खाटेचा चौकोनी डाग दिसायला लागला. दोन-चार दिवस गजावर कुणी आलं नाही. बायको म्हणाली, "खरंच होतं त्याचं म्हणणं."

पुढच्या सोमवारी पक्कड कामावर निघत होता. गॉगल चढवला होता, फडकं बांधून झालं होतं. चिमी आतून आली आणि तो जागच्या जागी थांबला. तिने भुवया काढून टाकल्या होत्या. पार्लरमध्ये नाही, घरीच, त्याच्या दाढीच्या वस्तऱ्याने. दोन्ही डोळ्यांच्या वर नुसतं सोललेलं कपाळ होतं. आई किंचाळली. चिमी म्हणाली, "मामा सगळं सोडून गेला, मी एवढं तरी करते," आणि छत्री न घेता बाहेर पडली. आपण आता सुटलो हे तिला बघायचं होतं.

पक्कड दारातच उभा राहिला. ती कोपऱ्यापर्यंतही पोचली नाही. आधी एक आला, त्याने तिच्या पुढ्यात घिरटी घातली, मान तिरकी करून आधी या डोळ्याने पाहिलं, मग त्या डोळ्याने पाहिलं. भुवया गेल्या होत्या, पण जबडा होता, खाच होती, डोळे होते. तो ओरडला आणि तारेवरचे सगळे उठले.

ती परत आली तेव्हा धावत नव्हती. एक हात डोक्याला लावून, सावकाश चालत आली. बोटांमधून रक्त गळत होतं. दारात बापासमोर ती उभी राहिली. भुवयांशिवायचा तो चेहरा इतका उघडा दिसत होता की पक्कडला बघवेना.

"मामा गेला," ती म्हणाली. "भुवया गेल्या. आता अजून काय काढू, बाबा?"

ती खरंच विचारत होती. उत्तर बापाला माहीत असेल, अशा तऱ्हेने ती त्याच्याकडे बघत राहिली.

पक्कडने फडक्याची गाठ चाचपून पाहिली. बाहेर गँगची गाडी येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"छत्री घेत जा," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूने वाट काढून कामाला गेला.